वहिनींचे पंधराशे, भाऊजींचा टॅक्स

पत्र

ताई,

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला मॅनेजर आहे. पाथर्डी फाट्याला राहतो. मोठा भाऊ निफाड तालुक्यात गावी शेती बघतो. अडीच एकर द्राक्षं, बाकी कांदा. आई त्याच्याकडेच असते. वडील गेल्यावर माझा डिप्लोमा दादानंच पूर्ण करून दिला, हे मी कधी नाकारलेलं नाही. वर्षाचा गहू-कांदाही गावाहूनच येतो.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही सगळे गावी होतो. जेवताना विषय निघाला. वहिनींना ‘लाडकी बहीण’चे पंधराशे येतात, दादाला शेतकरी सन्मानचे हप्ते, वर रेशनचं धान्य. मी बोलून गेलो, “आमच्या टॅक्सवर चाललंय सगळं. आम्ही राबायचं आणि सरकारनं वाटायचं.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढं म्हणालो, “वहिनी, सरकारपुढं हात कशाला पसरता? पंधराशे मीच देत जाईन.” वहिनी आत गेल्या, पाचशेच्या तीन नोटा घेऊन आल्या आणि माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. “घ्या भाऊजी, तुमचे तुम्हाला.” मग कुणी धड जेवलंच नाही.

तेव्हापासून दादाचा फोन नाही. आई फोनवर रडते. त्या नोटा माझ्या पाकिटात तशाच आहेत. पण ताई, मी वर्षाला सव्वा लाख आयकर भरतो, आणि मी तत्त्वाचं बोललो. फुकट वाटल्यानं माणसं आळशी होत नाहीत का? छाटणीला मजूर मिळत नाहीत हे दादाच सांगतो. बोलायची पद्धत चुकली असेल, पण मुद्दा तर खरा आहे ना?

— एक करदाता, नाशिक

ता. क. घरकामाच्या मावशींनाही आता पंधराशे मिळतात. मग दिवाळीचा बोनस द्यायचा, की त्यात धरायचा?

उत्तर

नमस्कार.

पद्धत चुकली पण मुद्दा खरा, असं म्हणून तुम्ही निम्मी माफी आधीच तयार करून ठेवली आहे. ती घेऊन गावी गेलात तर भांडण आणखी मोठं करून परत याल. म्हणून आधी मुद्द्याचंच बघू, वहिनींकडे मागून येते.

तुमचा सव्वा लाखाचा आकडा मी मांडून पाहिला. यंदाच्या नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. सव्वा लाख कर बसतो तो पगार पावणेसतरा लाखांच्या आसपास असला की. म्हणजे शंभर रुपयांतले साडेसात रुपये तुम्ही आयकर म्हणून देता. फ्लॅटचे हप्ते आणि मुलांच्या फिया मलाही कळतात, तुम्हाला कुबेर म्हणत नाही मी. पण सगळा महाराष्ट्र या साडेसात रुपयांवर जेवतोय, असं वाटत असेल तर जरा दमानं घ्या.

दादा आयकर भरत नाही, कारण शेतीचं उत्पन्न आयकरातून मोकळं आहे. त्यावरून तो करच भरत नाही असं तुम्ही धरून चाललात. द्राक्षबागेवर एका हंगामात किती फवारण्या होतात ते त्याला एकदा विचारा. डावणी, भुरी हे बुरशीचे रोग, पाऊस पडून गेला की पुन्हा डावणी. त्या रासायनिक बुरशीनाशकांवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची कंपनी कच्च्या मालावर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करून घेते. दादाच्या ताज्या द्राक्षांवर जीएसटीच नाही, मग तो वजा कशातून करणार? तो त्याच्याच अंगावर राहतो. डिझेलवरचा कर वेगळा. वहिनी आणतात त्या साबणावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होते, आता ५ आहेत. आयकर तुमच्या पगारपत्रकावर छापून येतो म्हणून डोळ्यांना दिसतो, बाकीच्यांचा कर दुकानाच्या बिलात जातो.

आता कांदा. निफाडच्या माणसाच्या भावाला हे मी सांगावं लागतंय याचं नवल वाटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क कायम ठेवून. ते शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. बंदीच्या काळात शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडावा म्हणून लासलगावच्या लिलावात भाव दाबला गेला. सरकारनं त्यासाठी तिजोरीतून फारसं काही घातलं नाही, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, कापून तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात दिलं. याला अनुदान म्हणायची पद्धत नाही एवढंच. दादानं तेव्हा फोन करून “तुझी भाजी माझ्या जिवावर चाललीय” असं ऐकवल्याचं तुमच्या पत्रात तरी नाही.

आळशीपणाचं बोलू. महिन्याला पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. नाशकात बऱ्या ठिकाणची एक मिसळ येत नाही त्यात. एवढ्यासाठी कोण हातातलं काम टाकून घरी बसेल? अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या सात योजना तपासल्या होत्या. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. आणि मजूर मिळत नाहीत त्याचं कारण दादाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. निफाड आणि दिंडोरीत छाटण्या एकाच पंधरवड्यात येतात, मग विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), तोडणी हेही सगळीकडं एकदमच. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडून येणाऱ्या टोळ्या एकरी उक्तं ठरवून काम घेतात. ज्याचा भाव चांगला आणि राहायची सोय बरी, तिकडं आधी जातात. तुमची कंपनी जास्त दर देणाऱ्या गिऱ्हाइकाचा माल आधी काढते, तेव्हा तिला कुणी आळशी म्हणत नाही.

पण रेशनमुळं काहीच फरक पडत नाही, असंही म्हणणार नाही. घरात महिन्याचं धान्य असलं की माणूस पडेल त्या मजुरीला ‘हो’ म्हणत नाही, दोन दिवस थांबतो, घासाघीस करतो. बागाईतदाराला ते जड जातं, खरं आहे. मला मात्र त्यात वाईट काही दिसत नाही.

आता वहिनी. द्राक्षाची पट्टी कुणाच्या खात्यात येते? दादाच्या. शेतकरी सन्मानचे केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार? तेही दादाच्याच. सातबाऱ्यावर वहिनींचं नाव असेल असं वाटत नाही. विरळणीला मजुरांच्या बरोबरीनं उभी राहणारी, तुमच्या आईचं पथ्यपाणी बघणारी ही बाई. तिच्या नावानं, तिच्या खात्यात, कुणाला न विचारता काढता येतील असे पैसे बहुधा जुलै २०२४ नंतरच येऊ लागले. त्यावर दीर म्हणतो की हात पसरू नका, मी देतो. म्हणजे सरकारकडून मिळतं ती लाचारी आणि दिराकडून मिळेल तो मान? सरकारकडून पैसे घेताना तिला कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. तुमच्याकडून घेताना दर महिन्याला लागली असती. त्या तीन नोटा तुमच्या ताटाशी का आल्या, याचं उत्तर माझ्या मते टॅक्सच्या वाक्यात नाहीच, या दुसऱ्या वाक्यात आहे.

आणि त्या दिवाळीचे दिवसही जरा आठवा. २०२५ साली मे महिन्यात लागलेला पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबायचं नाव घेत नव्हता. छाटणी झालेल्या बागांत घडजिरीची, म्हणजे कोवळे घड जिरून जाण्याची भीती, फवारणीचा खर्च दुप्पट. पाडव्याला दादाच्या डोक्यात काय चाललं असेल?

तुम्ही म्हणाल, ताई सगळं भावाच्याच बाजूनं बोलतात. तसं नाही. काही ठिकाणी तुमचा राग रास्त आहे, पण तुम्ही तो योग्य जागी काढलेला नाही.

पहिली जागा उत्पन्नाच्या दाखल्यांची. शहरी भागात प्राधान्य गटातल्या रेशनसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. नाशकात पाच हजारांत कुटुंब चालवणारा माणूस मला दाखवा. मर्यादा इतकी खाली ठेवली की खरं उत्पन्न सांगणारा गरीब बाहेर पडतो आणि सेतूत जाऊन हवा तो आकडा लिहून आणणारा आत येतो. परावलंबन म्हणाल तर मला ते इथं दिसतं. वर्षानुवर्षं खोट्या कागदावर जगायची सवय लागते, मुलगा नोकरीला लागला तरी ते लपवावं लागतं, पगार वाढला तर आनंदाआधी कार्ड जाण्याची धास्ती. धान्यानं माणूस बिघडत नाही हो, या लपवाछपवीनं बिघडतो.

‘लाडकी बहीण’ही अशीच घाईघाईत, विधानसभेच्या तोंडावर आणली. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा, जुलैपासून अर्ज. पाच एकरांची अट आधी घातली, मग काढली. पिवळं-केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला नको. प्रचारात २१०० चं आश्वासन दिलं. नंतर तपासणी सुरू झाली तेव्हा सरकारी नोकरीतल्या दोन हजारांहून जास्त महिला लाभ घेताना सापडल्या. पहिल्या वर्षासाठी ४६ हजार कोटी धरले होते, पुढच्या वर्षी ३६ हजार कोटी. एवढा पैसा वाटताना आधी तपासायचं की नंतर, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सगळ्यात वाईट गोष्ट तर तुमच्या पत्रात नाहीच. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडं वळवला गेला, आणि सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनी स्वतः त्यावर जाहीर नाराजी दाखवली. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकात आहे. त्या इमारतीवरून आपण गाड्या घेऊन जातो. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या पोरीच्या वाट्यातून काढून निफाडच्या बाईला द्यायचं आणि त्याला बहिणीची ओवाळणी म्हणायचं, हे मला पटत नाही. वहिनींनाही पटणार नाही, विचारून बघा. अर्थात सध्या नको.

पैसा असा खालच्यांच्याच वाट्यातून काढावा लागतो, कारण वरच्या टोकाला, श्रीमंतांना, कुणी हात लावत नाही. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर, इस्टेट ड्यूटी, १९५३ ला आला आणि १९८५ ला गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. कंपन्यांच्या आयकराचा मूळ दर सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. इस्टेट ड्यूटी आणि संपत्ती कर यांतून फार वसुली होत नव्हती आणि कटकट जास्त होती, हा युक्तिवाद खोटा नाही. तरी माझं मत सांगते. मोठी मर्यादा ठेवून, पंचवीस-पन्नास कोटींच्या वर म्हणा, वारशावर कर असावा. तुम्हाला नसेल पटत, नका पटवून घेऊ. पण उद्योगांना राज्य सरकार १९६४ पासून प्रोत्साहन योजनेतून सवलती देत आलंय. जीएसटीतला राज्याचा वाटा परत, वीज शुल्कात माफी. त्याला आपण गुंतवणूक म्हणतो आणि वहिनींच्या पंधराशेला रेवडी, हे काही बरोबर नाही.

वारशाचा विषय निघालाच आहे तर विचारते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद झाली असेलच. तुमचं नाव आहे ना त्यावर? असणारच. तो हिस्सा तुम्ही कमावलेला नाही, त्यावर एक पैसा कर दिलेला नाही, आणि उद्या विकलात तर ग्रामीण शेतजमीन म्हणून भांडवली नफ्यावरचा करही बहुधा लागणार नाही. बागेत पाणी धरतो दादा, जमिनीचा भाव मात्र दोघांचाही वाढतो. त्यात गैर काही नाही. पण ‘फुकट’ हा शब्द पुन्हा वापरायच्या आधी तो उतारा एकदा काढून बघा.

तुमच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. व्यवसाय कर. वर्षाचे अडीच हजार. हा कर का आला माहीत आहे? १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला रस्त्यावर आले होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच कल्पना मांडली होती की जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी असावी. रोजगार हमी. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांवर, व्यापाऱ्यांवर, डॉक्टर-वकिलांवर १९७५ मध्ये हा कर बसला, आणि जमा होईल तेवढीच भर सरकारनं घालायची ठरलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, अंमल १९७९ पासून. शहरानं गावाला द्यायचं असं उघड सांगून घेतलेला कर होता तो. कुरकुर झालीही असेल, पण विधिमंडळातल्या सगळ्या पक्षांनी त्याला पाठिंबा दिला.

त्याच हमीला जोडून १९९० मध्ये फळबाग लागवडीची योजना आली. खड्डे, रोपं, पहिली काही वर्षं जगवण्याचा खर्च बराचसा सरकारचा. सटाणा, मालेगाव, देवळा या कोरड्या पट्ट्यात डाळिंब वाढलं त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. तेल्या रोगानं पुढं बागा खाल्ल्या, ती गोष्ट वेगळी. पण त्या शेतकऱ्यांना कुणी ऐतखाऊ म्हटलेलं मी ऐकलं नाही. केंद्रानं २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव हाताशी होता. म्हणून वाटण्याला सरसकट नावं ठेवू नका. वाटून मागं काय उरतं ते विचारा. तळं उरतं, बाग उरते, शाळा उरते, की फक्त पोस्टर? या कसोटीवर ‘लाडकी बहीण’ला मी अजून पास करणार नाही. तिच्या पैशांतून बाईच्या हातात थोडा जोर येतो हे मला दिसतं, म्हणून नापासही करणार नाही.

पुरे झालं हिशेबाचं. आता करायचं काय.

येत्या रविवारी गावी जा. एकटे जा. बायकोला मध्यस्थ करू नका आणि आईकडून निरोप धाडू नका. दादाशी नंतर बोला, तो दोन शिव्या देऊन मोकळा होईल. बोलायचं आहे वहिनींशी, तेही सगळ्यांसमोर, कारण अपमान सगळ्यांसमोर झाला. “वहिनी, मी तुम्हाला पैसे देण्याची भाषा केली, ते चुकलं” एवढंच. त्यात ‘पण’ नको. टॅक्स नको, तत्त्व नको. त्या म्हणतील, “जाऊ द्या भाऊजी.” तेव्हाही गप्प बसा. ती माफी नसते, विषय टाळणं असतं. चहा झाला की बागेत जा आणि घड किती लागलेत ते बघा.

त्या तीन नोटा परत करू नका. परत दिल्यात तर पुन्हा तुम्ही देणारे आणि त्या घेणाऱ्या होतात. आईच्या औषधांना वापरा आणि कुणाला सांगू नका.

वहिनी पात्र आहेत की नाहीत, हा प्रश्न मनातून काढा. घरात आयकरदाता असला तर लाभ नाही हे खरं, पण योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. तुमचा आयकर आड येत नाही. ट्रॅक्टर चालतो, चारचाकी चालत नाही. उत्पन्न अडीच लाखांवर जात असेल तर ते तपासायचं काम सरकारचं आहे, दिराचं नाही. आणि दाखल्यांची मर्यादा, वळवलेला निधी, सवलतीत सुटलेला कर, यावर बोलायचं असेल तर मत मागायला येणाऱ्यांना अडवा. सिंहस्थाच्या कामांमुळं सध्या सगळेच नेते नाशकात फेऱ्या मारतात, गाठ पडायला अडचण नाही.

तुमच्या ता. क. मधला प्रश्न राहिला. घरकामाच्या मावशींनाही आता पंधराशे मिळतात, तर दिवाळीचा बोनस द्यायचा की त्यात धरायचा? द्यायचा, पूर्ण. तो त्यांच्या वर्षभराच्या कामाचा आहे आणि सरकारच्या हप्त्याशी त्याचा संबंध नाही. दिवाळी होऊन गेली आणि अजून दिला नसेल, तर या महिन्याच्या पगारासोबत एक पगार जास्तीचा द्या.